मुंबईच्या जंगलकडेला रात्री प्राणी पाहण्यासाठी थर्मल दुर्बीण कशी निवडायची

गोरेगाव पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे आरेची झाडी सुरू होते. आठवड्यातून दोन-तीन रात्री मी गच्चीवर थर्मल दुर्बीण घेऊन उभी असते. शेजारी, नातेवाईक, सोसायटीचे वॉचमनकाका, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "किती लांबचं दिसतं यातून?" दुकानदारही तिथूनच सुरुवात करतो. "मॅडम, ही बाराशे मीटर, ही अठराशे." मुंबईत राहणाऱ्याने हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत झालं आहे. आपल्याकडची झाडी दाट, नजर पोहोचते ती जेमतेम तीस ते दीडशे मीटर, आणि हवा वर्षातले बरेच महिने ओली. या तीन गोष्टी धरून निवड केली तर पैसे वाया जात नाहीत.

खरेदीच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या दुर्बिणींची माहितीपत्रकं वाचलीत तर त्यात पदोपदी शिकारीची भाषा दिसेल, कारण युरोप-अमेरिकेत त्यांचं मोठं गिऱ्हाईक शिकारी आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. प्राण्याला हुसकावणं, आमिष दाखवून बोलावणं, सापळा लावणं आणि असा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. म्हणून हा लेख पाहण्यासाठी आहे. बंदुकीवर बसवायच्या थर्मल स्कोपच्या वाटेला जाऊच नका. हातात धरायची एका डोळ्याची दुर्बीण, म्हणजे मोनोक्युलर, एवढंच आपल्याला हवं.

आधी हे यंत्र बघतं काय?

साध्या दुर्बिणीला प्रकाश लागतो. बाजारातल्या डिजिटल नाइट व्हिजनलाही लागतो. चांदणं पुरलं नाही की ती स्वतःचा इन्फ्रारेड टॉर्च लावते. थर्मलला काहीच लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णतेच्या लहरी बाहेर टाकत असते. त्यातल्या साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरी थर्मल टिपते आणि तापमानातल्या फरकाचं चित्र करते. अमावास्येच्या मिट्ट काळोखात झुडपाआड बसलेला ससा पानांच्या फटीतून पांढऱ्या ठिपक्यांसारखा उठून दिसतो.

याच कारणाने काही गोष्टी तिला कधीच दिसत नाहीत. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके ही रंगाची गोष्ट, तापमानाची नाही, त्यामुळे थर्मलमध्ये बिबट्या सपाट पांढरा दिसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि आसपास २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत ४७ बिबटे नोंदले गेले. ती ओळख ठिपक्यांच्या नक्षीवरून, साध्या फोटोंवरून झाली होती. थर्मलवर तसं काम होणार नाही. पवई तलावातल्या मगरीही फसवतात. मगर थंड रक्ताची, तिचं अंग पाण्याच्या तापमानाला आलेलं असतं. काठावर दहा मीटरवर मगर पडलेली असेल आणि थर्मलमध्ये तुम्हाला मोकळा काठ दिसेल. सापाचंही तेच. पावसाळ्यात पायाखालची वाट दिसायला थर्मल आहे म्हणून टॉर्च घरी ठेवू नका.

आणि काच. साधी काच या लहरींना आरपार जाऊ देत नाही, म्हणून थर्मलचं पुढचं भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचं असतं आणि म्हणूनच महाग असतं. मुंबईतल्या नव्या खरेदीदाराचा पहिला हिरमोड इथेच होतो. आपण दिवाणखान्यातला दिवा मालवतो, सरकत्या खिडकीसमोर उभे राहतो, दुर्बीण लावतो, तर काचेत आपलीच उजळलेली आकृती दिसते, बाहेरचं काही नाही. खिडकी उघडली की झाडी लख्ख समोर येते. गाडीतून बघायचं तरी काच खाली करावी लागते. तुमच्या घराची खिडकी पुरती उघडत नसेल, ग्रिलला डासांची बारीक जाळी ठोकलेली असेल, तर घेण्याआधी त्याचा विचार करा. जाळीतून चित्र धूसर होतं.

पहिली पायरी: तुमची जागा मोजा

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्या. जिथून तुम्ही नेहमी बघणार आहात तिथे उभं राहा आणि फोनवरच्या नकाशात अंतर मोजा. आमच्या गच्चीवरून भिंत २२ मीटरवर आहे, पायवाटेचं वळण ६० वर, आणि जिथे झाडी संपून गवताचा मोकळा तुकडा आहे तो १४० वर. त्यापलीकडे फक्त झाडांचे शेंडे. म्हणजे मला दीडशे मीटरच्या पुढचं काही मिळणारच नाही, दुर्बीण कितीही दांडगी असली तरी.

येऊर, तुंगारेश्वर किंवा कर्नाळ्याच्या आसपासच्या वाटांवर हे अंतर आणखी कमी होतं, तीस-चाळीस मीटर. उलट विक्रोळी-ऐरोली बाजूच्या खाडीकाठी, जिथे कांदळवनातून कोल्हे चिखलाच्या मोकळ्या पट्ट्यावर येतात, तिथे दोनशे-तीनशे मीटरपर्यंत नजर जाते. सासवडकडच्या माळरानावर तुम्ही वरचेवर जात असाल तर अंतर त्याहून मोठं. यातली तुमची नेहमीची जागा कुठली, यावर लेन्स ठरते. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी दुर्बीण निवडू नका.

दुसरी पायरी: सेन्सर आणि लेन्स एकत्र वाचा

डब्यावर दोन आकडे शोधा. एक सेन्सरचा, म्हणजे त्यावरच्या आडव्या आणि उभ्या पिक्सेलचा: २५६×१९२, ३८४×२८८ किंवा ६४०×५१२. दुसरा लेन्सचा, मिलिमीटरमध्ये: १०, १५, १९, २५, ३५. अनेक कंपन्या मॉडेलच्या नावातच लेन्सचा आकडा घालतात. तिसरा आकडा पिक्सेलच्या आकाराचा, तो आजकाल बहुतेक १२ मायक्रॉन असतो, जुन्या मॉडेलांत १७.

आता थोडं गणित, कारण इथेच सगळी निवड आहे. पिक्सेलचा आकार भागिले लेन्स गुणिले अंतर, हे केलं की एक पिक्सेल किती जागा व्यापतो ते कळतं. १२ मायक्रॉनला २५ मिलिमीटरने भागलं तर १०० मीटरवर एक पिक्सेल ४.८ सेंटीमीटरचा. १५ ची लेन्स असेल तर ८ सेंटीमीटर. १० ची असेल तर १२ सेंटीमीटर.

एका चित्राची रुंदी हवी तर या आकड्याला सेन्सरच्या आडव्या पिक्सेलनी गुणा. गंमत बघा: २५६ चा सेन्सर १० मिमी लेन्ससोबत, ३८४ चा १५ सोबत आणि ६४० चा २५ सोबत, या तिन्ही जोड्या १०० मीटरवर बरोबर तेवढंच दाखवतात, सुमारे ३१ मीटर रुंद पट्टा. चौकट तीच, पण त्यातला बिबट्या वेगळा. बिबट्याची खांद्याजवळची उंची साधारण ६५ सेंटीमीटर धरा. पहिल्या दुर्बिणीत तो पाच पिक्सेल उंच येतो, दुसरीत आठ, तिसरीत तेरा-चौदा. पाच पिक्सेलमध्ये तुम्हाला एवढंच कळतं की काहीतरी जिवंत आहे. आठमध्ये चार पायांचा प्राणी कळतो. तेरामध्ये तो मान खाली घालून चालतो आहे, हेही कळतं.

जाहिरातीतला "बाराशे मीटर" कुठून येतो तेही याच गणिताने उलगडतं. बहुतेक कंपन्या पावणेदोन-एक मीटर उंचीचा उभा माणूस धरतात आणि तो पडद्यावर ठिपका म्हणून उमटला की "दिसला" म्हणतात. २५ च्या लेन्सला बाराशे मीटरवर एक पिक्सेल जवळजवळ ५८ सेंटीमीटरचा होतो. म्हणजे तो माणूस तीन पिक्सेल उंच आणि एक पिक्सेल रुंद. तो माणूस आहे की विजेचा तापलेला डबा, सांगता येणार नाही. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष आजही या क्षेत्रात वापरतात. त्यांचा ढोबळ अर्थ असा की नुसतं असणं कळायला दोन पिक्सेल पुरतात, कुठला प्रकार आहे ते कळायला आठेक आणि नेमकी ओळख पटायला बारा-सोळा लागतात. कागदावरच्या अंतराला चारने भागा. तेवढ्या अंतरावर प्राण्याचा प्रकार कळला तर ती दुर्बीण चांगली समजा. लहान प्राणी, उदमांजर किंवा ससा, असेल तर दहाने भागा.

माझा सल्ला सरळ आहे. गच्ची, खिडकी किंवा जंगलकडेचा रस्ता अशा जागेसाठी ३८४ चा सेन्सर आणि १५ ते १९ मिमी लेन्स ही जोडी घ्या. बजेट ताणता येत असेल तर ६४० आणि २५, मग दुसरं काही बघायला नको. खाडीकाठासाठी ३८४ ला २५ किंवा ३५. पण ३५ ची लेन्स दाट झाडीत वापरून बघा: १०० मीटरवर जेमतेम १३ मीटरचा पट्टा दिसतो. नळीतून बघितल्यासारखं वाटतं आणि चालता प्राणी चौकटीतून निसटतो. २५६ चा सेन्सर वाईट नाही. तीस-चाळीस मीटरच्या आतलं बघायचं असेल, मुलांना मांजर-कुत्रा-वटवाघूळ दाखवायचं असेल, तर तो पुरतो.

झूमच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. "आठपट झूम" म्हणजे तेच पिक्सेल मोठे करून दाखवणं. नवा तपशील त्यातून येत नाही. खरी मोठेपणाची गणती मूळ मॅग्निफिकेशनची, म्हणजे झूम न करता जेवढं मोठं दिसतं त्याची. ते आपल्या वापरासाठी दीड ते अडीचपट असलं की पुरे. त्याहून जास्त असेल तर हाताचा थरथराट दिसायला लागतो.

तिसरी पायरी: मुंबईच्या हवेसाठी संवेदनशीलता

हा भाग घाईने वाचू नका. डब्यावर एनईटीडी नावाचा आकडा असतो, मिलिकेल्विनमध्ये: ५०, ३५, २५, २०, कधी १८. सेन्सरला तापमानातला किती बारीक फरक कळतो हे तो सांगतो, आकडा जितका कमी तितकं चांगलं. २५ मिलिकेल्विन म्हणजे एका अंशाचा चाळिसावा भाग.

नाशिकला जानेवारीत पहाटे झाड आठ-दहा अंशांवर असतं आणि कोल्ह्याचं अंग त्यामानाने कितीतरी गरम. तिथे स्वस्त दुर्बीणही भारी चित्र देते. मुंबईत मे महिन्यात रात्री दहाला हवा तीसच्या आसपास, दिवसभर तापलेला काळा खडक त्याहून गरम, डांबर आणखी गरम. प्राण्याच्या अंगावरच्या केसांचं तापमान आणि मागच्या दगडाचं तापमान जवळजवळ एक होतं. संध्याकाळी आणि सकाळी उन्हं वर आल्यावर, दिवसातून दोनदा अशी वेळ येते की समोर उभं असलेलं जनावर चित्रात विरघळून जातं. कमी एनईटीडी असलेला सेन्सर अशा वेळी तग धरतो. तो झाडाचं खोड, फांद्या आणि पानं वेगवेगळी दाखवतो, त्यामुळे प्राणी कुठे उभा आहे त्याचा अंदाज येतो.

त्यात आर्द्रता. हवेतली वाफ या लहरी शोषते. शंभर मीटरच्या आत फारसा फरक जाणवत नाही, पण जुलैमध्ये तीनशे मीटरवरचं चित्र मळलेल्या पडद्यातून बघितल्यासारखं होतं. धुकं आणि मुसळधार पाऊस असेल तर दुर्बीण पिशवीत ठेवा. पाऊस थांबून अर्धा तास झाला की मात्र एक छान वेळ मिळते. पानं, माती, दगड सगळं धुऊन एका तापमानाला आलेलं असतं, चित्र सपाट राखाडी होतं आणि त्यात कोरडा राहिलेला प्राणी एकदम उठून दिसतो.

म्हणून मुंबईकराने २५ मिलिकेल्विन किंवा त्याहून कमी असाच सेन्सर घ्यावा. ६४० चा सेन्सर ४० मिलिकेल्विनचा आणि ३८४ चा २० चा, दोन्ही एकाच किमतीत मिळत असतील तर मी दुसरा घेईन. दुकानदाराला एक प्रश्न विचारायचा: "हा आकडा नुसत्या सेन्सरचा आहे की लेन्ससकट पूर्ण यंत्राचा?" काही कंपन्या सेन्सरचा चांगला आकडा मोठ्या अक्षरात छापतात. पूर्ण यंत्राचा त्याहून जास्त असतो. दोन दुर्बिणींची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे बघा.

लेन्सवर एफ १.० किंवा एफ १.२ असं लिहिलेलं असतं. १.० वाली लेन्स १.२ पेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त उष्णता सेन्सरपर्यंत पोहोचवते. छोटा दिसणारा फरक, पण उकाड्याच्या रात्री कळतो.

चौथी पायरी: बाकीचे गुण, पटापट

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, ५० हर्ट्झ असावा, किमान २५. काही मॉडेलं ९ हर्ट्झची असतात. ती अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे तशी बनवलेली असतात. त्यांतून बघताना दुर्बीण फिरवली की चित्र अडखळत येतं आणि डोकं दुखतं. याच नियमांमुळे अमेरिकेतल्या भावाला "येताना बॅगेत टाकून आण" असं सांगू नका. तिथून थर्मल उपकरण बाहेर नेणं परवान्याच्या कक्षेत येऊ शकतं, आणि आपल्यामुळे तो अडचणीत यायचा.

फोकस हाताने फिरवता येणारा हवा. फिक्स्ड फोकसमध्ये जवळचं उदमांजर नेहमी पसरट दिसतं.

बॅटरी काढता येणारी हवी. बाजारात सहज मिळणारा १८६५० नावाचा चार्ज होणारा लिथियम सेल चालत असेल तर उत्तम. आत बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरली की सगळं यंत्र दुरुस्तीला द्यावं लागतं. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच ठेवायचे.

पाण्यापासून संरक्षण आयपी६७ असावं. मुंबईत ही चैन नाही.

चष्मा असेल तर तो काढून डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं, चाक फिरवा आणि पडद्यावरची अक्षरं स्वच्छ दिसतात का बघा. नंबर जास्त असेल तर चाक पुरत नाही.

थोड्या थोड्या वेळाने दुर्बीण "टक्" असा आवाज करून क्षणभर चित्र थांबवते. सेन्सर स्वतःला जुळवून घेत असतो. हा आवाज शांत रात्री पंधरा फुटांवर ऐकू जातो. आवाज न करता किंवा आपण बटण दाबल्यावरच जुळवणी करण्याची सोय असेल तर ती घ्या. वाघाटीसारखं बुजरं मांजर जवळ आलेलं असताना त्या एका "टक्"ने रात्र वाया गेलेली मी अनुभवली आहे.

पाचवी पायरी: दुकानात काय करायचं

पहिली दुर्बीण घेतली तेव्हा मी एका एसी दुकानात पाच मिनिटं बघून पैसे दिले. वीस-बावीस अंशांच्या खोलीत समोर उभी माणसं इतकी झगझगीत दिसत होती की मी भुलले. घरी आणून मेच्या उकाड्यात गच्चीवर लावली तर झाडी म्हणजे एक राखाडी चिखल. ती परत घेतली गेली नाही. दोन वर्षांनी निम्म्याहून कमी पैशांत विकावी लागली. त्यानंतर जे शिकले ते सांगते.

फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत किंवा कुठेही गेलात तरी संध्याकाळी सातनंतर जा आणि दुर्बीण दुकानाबाहेर फुटपाथवर आणून बघायची परवानगी आधीच मागा. जो विक्रेता नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

आधी दुकानाच्या भिंतीवर तळहात पाच सेकंद टेकवा, काढा आणि त्या जागेकडे दुर्बिणीतून बघा. पाचही बोटांचा उजळ ठसा दिसेल. तो हळूहळू विरत जातो. घड्याळ लावून मोजा. चांगल्या सेन्सरमध्ये बोटांच्या कडा बराच वेळ वेगवेगळ्या राहतात, कमी प्रतीच्या सेन्सरमध्ये ठसा पटकन एक गोळा होतो आणि मग जातो. दोन दुर्बिणी शेजारी ठेवून एकाच ठशावर लावल्या की एनईटीडीचा आकडा न वाचताही कळतं कुठली सरस.

मग रस्त्यावरचं एखादं झाड बघा. गुलमोहर, पिंपळ, जे असेल ते. पानं आणि फांद्या सुट्या दिसतात की सगळं झाड एक ढग? त्या झाडात रात्रीच्या आसऱ्याला कावळे बसलेले असतात. ते शोधा. दुर्बीण वेगाने डावीकडून उजवीकडे फिरवा, धावती टॅक्सी तिच्यात धरून ठेवा. चित्र मागे पडत असेल तर सोडून द्या. भिंतीसारख्या सपाट पृष्ठभागावर लावून काळे-पांढरे मेलेले ठिपके, म्हणजे बिघडलेले पिक्सेल, आहेत का तपासा.

शेवटी डोळे मिटा आणि बटणं दाबा. चालू-बंद, झूम, रंग बदलणं, रेकॉर्डिंग. अंधारात बोटांना बटण ओळखू आलं पाहिजे.

बिल जीएसटीचं घ्या. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असली पाहिजे. ते नसेल तर भारतात वॉरंटी कोण देणार, हे विचारा. पल्सर, हिकमायक्रो, इन्फिरे यांसारख्या कंपन्यांची वॉरंटी अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या यंत्रालाच नीट मिळते. सेन्सर बिघडला तर दुरुस्ती गल्लीतल्या मेकॅनिकच्या हातची नाही. शक्य असेल तर दोन रात्रींसाठी भाड्याने घेऊन बघा किंवा एखाद्या निसर्गमित्राची उसनी घ्या. माझी आत्ताची दुर्बीण मी अशीच आधी तीन रात्री वापरून मग घेतली.

सहावी पायरी: पहिले पंधरा दिवस कुत्रेच बघा

नवी दुर्बीण हातात आली की पहिल्याच रात्री बिबट्या दिसल्याचे फोन येतात. दहातल्या नऊ वेळा तो कुत्रा असतो. आरेत त्यात भर म्हणून तबेल्यांतल्या म्हशी, ताजं शेण, दिवसा तापलेलं वारूळ, नुकत्याच बंद केलेल्या रिक्षाचा सायलेन्सर. सगळं पांढरंशुभ्र चमकतं.

म्हणून सुरुवातीला मुद्दाम ओळखीचे प्राणी बघा. कुत्रा चालताना पाठ वरखाली होते, तो दुडकत जातो, थांबतो, वास घेतो, पुन्हा दुडकतो. त्याचं शेपूट वर वळलेलं असतं. मांजर आखीव चालतं, पाठ स्थिर. बिबट्याची चाल मोठ्या मांजराची: डोकं खांद्यांच्या रेषेत किंवा खाली, पाऊल टाकताना खांद्याची हाडं आळीपाळीने वर येतात आणि मागे लांब शेपटी, टोकाशी वर वळलेली. ही शेपटी सात-आठ सेंटीमीटर जाड. वरच्या गणितात २५ च्या लेन्सला दीडशे मीटरवर एक पिक्सेल ७.२ सेंटीमीटरचा होतो. म्हणजे दीडशे मीटरच्या पुढे शेपटी पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि चित्रातून नाहीशी होते. शेपटी दिसली नाही तर मी वहीत "बिबट्या" लिहीत नाही, "मोठा प्राणी" लिहिते.

उदमांजर फांदीवरून ओघळल्यासारखं पुढे सरकतं. भेकर चालताना पाय उंच उचलतं आणि मध्येच पुतळ्यासारखं थांबतं. रातवा जमिनीवर बसतो. थर्मलमध्ये तो रस्त्यावर ठेवलेल्या गरम दगडासारखा दिसतो आणि मग अचानक उडतो. कान, डोळ्यांभोवतीचा भाग, पायांची आतली बाजू जास्त उजळ, केसाळ पाठ मंद. चेहरा वळला की एकदम दिवा लागल्यासारखा प्रकाश येतो.

रंगांमध्ये पांढरा-गरम, म्हणजे गरम ते पांढरं दाखवणारी, पद्धत ठेवा. लाल-केशरी रंग दिसायला सुंदर, पण तासाभरात डोळे थकतात. प्राणी सापडल्यावर उलट, काळा-गरम करून बघा. अंगाचा आकार त्यात जास्त नीट कळतो. पडद्याची चमक शक्य तेवढी कमी ठेवा, म्हणजे दुसऱ्या डोळ्याची अंधाराची सवय मोडत नाही.

वेळ विचाराल तर पहाटे साडेतीन ते साडेपाच. रात्रभरात खडक निवलेला असतो, रस्ते शांत असतात. डिसेंबर-जानेवारीची पहाट मुंबईत सगळ्यात चांगली. सूर्य उगवताना दुर्बीण बंद करून झाकण लावा. थेट सूर्याकडे रोखलेला सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो, आणि गच्चीवरून पूर्वेकडे बघणाऱ्यांकडून हे नकळत होतं.

कुठे उभं राहायचं, कुठे नाही

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. अभयारण्यांनाही तेच. रात्री जंगलात बसायचं असेल तर बुद्धपौर्णिमेला वनविभाग मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी बघायची संधी देतो. त्यासाठी रीतसर नाव नोंदवा आणि थर्मल वापरता येईल का हे आधी विचारा. गच्ची, स्वतःची खिडकी, सार्वजनिक रस्त्याची कड एवढ्यातही पुष्कळ दिसतं. एकटं जाऊ नका आणि वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर अंधारात डोळ्याला नळी लावून उभ्या माणसाची तक्रार होते. शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांकडे आणि नौदलाच्या किंवा लष्करी जागांकडे दुर्बीण वळवू नका.

आरेतल्या एका पाड्यावरच्या मावशींना मी एकदा पडद्यावर रेकॉर्ड केलेला बिबट्या दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हा रोज इथूनच जातो गं. आम्ही त्याची वाट सोडतो." वारली घरांत वाघोबाला पूजतात. ही वाट सोडणं त्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. थर्मलमध्ये बिबट्या तुमच्या दिशेने येताना दिसला तर मागे सरका, आत जा, दार लावा. टॉर्च मारून डोळे चमकवण्याचा, आवाज करून वळवण्याचा प्रयत्न करू नका. पिल्लं दिसली तर त्या रात्री बघणं तिथेच थांबवा, आणि जागेचं नाव कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या रात्री तिथे वीस मोबाइल उभे राहतात. प्राणी जखमी, विहिरीत पडलेला किंवा वस्तीत अडकलेला दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये साठवलेला असू द्या.

सांभाळायची कशी

एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून एकदम बाहेर आलात की थंड लेन्सवर दव जमतं आणि पाण्याचा पातळसा थरही या लहरींना अडवतो. बाहेर पडायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी दुर्बीण बंद पिशवीतच गॅलरीत ठेवा. लेन्सवर पाणी आलंच तर ओढणी किंवा रुमालाने घासू नका, वरचा लेप जातो. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सच्या मऊ कापडाने हलक्या हाताने टिपा. समुद्राच्या बाजूला वापरली असेल तर बाहेरचं अंग किंचित ओल्या कापडाने पुसून वाळवा. चार महिने पावसाळ्यात ती कपाटात ठेवू नका, डोळ्याकडच्या काचेवर बुरशी धरते. मी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, पुड्यांचा रंग बदलला की बदलते, आणि पंधरा दिवसांतून एकदा सेल भरून दहा मिनिटं चालू करते. त्या दहा मिनिटांत समोरच्या उंबराच्या झाडावर आलेली फळखाऊ वटवाघळं मोजून होतात. परवा चौदा होती.